शब्दचर्चा : लाइफ कोच, समुपदेशक आणि थेरपिस्ट

प्रश्न : 'अँग्झायटीसाठी लाइफ कोचिंग' याला मराठीत 'समुपदेशन' म्हणावं का? की 'मानसोपचार'?

– दोन्ही नकोत. 'मानसोपचार'मध्ये आजार आणि त्यावरचा इलाज गृहीत आहे. 'समुपदेशक' म्हटलं की वाचणारा मानसशास्त्र शिकलेला माणूस धरून चालतो. 'लाइफ कोच' म्हणजे ध्येय ठरवून त्याचा पाठपुरावा करायला मदत करणारा; ही उपाधी मात्र बहुतेक देशांत कोणीही लावू शकतो. कोचिंगची प्रमाणपत्रं असतात, पण ती घेणं ऐच्छिक. 'लाइफ कोच' असंच लिहावं.

– खरा घोळ 'अँग्झायटी'त आहे. मुलाखतीआधीची धाकधूक वेगळी आणि चिंताविकार वेगळा. डीएसएम-५ या निदानपुस्तिकेनुसार सार्वत्रिक चिंताविकारात किमान ६ महिने, बहुतेक दिवस, अनेक गोष्टींची न आवरणारी काळजी असते. सोबत झोप बिघडणं, अंग आखडणं, चिडचिड वगैरे, आणि रोजच्या जगण्यात अडथळा. थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करू लागल्यानेही अशीच धडधड आणि बेचैनी होते. हे पारखणं कोचचं काम नाही.

– मग फरक निदानापुरताच? श्वासाचे व्यायाम, विचार वहीत लिहून तपासणं हे तर कोच आणि थेरपिस्ट (बोलून उपचार करणारा) दोघंही सांगतात.

– तंत्रं सारखी दिसतात, त्यामुळेच फसगत होते. चिंता टिकते ती टाळाटाळीमुळे. गर्दीची भीती वाटली म्हणून गर्दी टाळली की लगेच सुटल्यासारखं वाटतं, आणि पुढच्या वेळी भीती आणखी घट्ट होते. थेरपिस्ट हीच साखळी तोडतो : भीतीच्या पायऱ्या ठरवून, टप्प्याटप्प्याने त्या प्रसंगात थांबायला शिकवतो. कोच सुरुवात करतो ध्येयापासून. 'घरून करता येईल असं काम शोधूया' ही योजना नीटनेटकी असते, पण हेतू चांगला असूनही तीच टाळाटाळ पक्की करू शकते. उलट कधी 'हिंमत कर' म्हणून एकदम ढकललं जातं; ते जमलं नाही की माणूस स्वतःलाच कमकुवत ठरवतो. मला हे फार गंभीर वाटतं.

– म्हणजे कोच नकोच?

– असं नाही. नोकरी बदलायची आहे, वेळेची घडी बसवायची आहे, निर्णय लांबणीवर पडतोय, अशा ठिकाणी कोचचा पाठपुरावा उपयोगी पडतो. थेरपी चालू असतानाही दोघांची कामं स्पष्ट असतील तर हरकत नाही. पण पॅनिकचे झटके, जुना आघात, व्यसन किंवा जीव नकोसा वाटणं यापैकी काही दिसलं, तर जबाबदार कोच स्वतःच तज्ज्ञाकडे पाठवतो.

– एक भर : 'मानसोपचारतज्ज्ञ' हा शब्द औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरसाठी रुळला आहे. बोलून उपचार करणाऱ्यासाठी 'थेरपिस्ट' ठेवा. मूळ प्रश्नातल्या मजकुरात 'धाकधूक हाताळण्यासाठी लाइफ कोचिंग' चालेल. 'चिंताविकारावर लाइफ कोचिंग' मात्र लिहू नका.