मदत हवी आहे : दावोसच्या उतारापूर्वी मागच्या ब्रेकचे काय करावे?

डोंगरचाक :
जुलैमध्ये स्वित्झर्लंडला दावोस येथे जात असून याकोब्सहॉर्नवरून फिलिझूरपर्यंतची सिंगलट्रॅक (एका वेळी एकच सायकल जाईल इतकी अरुंद) वाट माउंटन बाइकने उतरण्याचे ठरले आहे. तिकिटे निघाली आहेत. चोर्ला घाटात सराव करताना अर्धा उतार झाला की मागचा ब्रेक निकामी होतो. चाकावरच्या धातूच्या चकतीला (डिस्कला) दाबणारे पॅड नवे टाकले, तरी फरक नाही. यावर गोव्यात किंवा घरच्या घरी काय करता येईल, ते कृपया लवकर सांगावे. जपून चालवा, असे सांगणारी उत्तरे नकोत.

रानवाट :
निकामी म्हणजे नेमके काय होते, हे कळल्याशिवाय कोणीही काही सांगू शकणार नाही. लीव्हर घट्ट राहूनही सायकल थांबत नसेल तर पॅड तापून गुळगुळीत झाले आहेत. लीव्हर मऊ पडून हँडलपर्यंत येत असेल तर लीव्हरचा दाब पॅडपर्यंत नेणाऱ्या ऑइलमध्ये हवा शिरली आहे किंवा उष्णतेने त्याची वाफ होते आहे. दोन्हींचे उपाय निराळे. ब्रेक कोणता, डिस्क किती मिलिमीटरची आणि तुमचे वजन किती?

जुनाजाणता :
ब्रेकला दोष देण्यापूर्वी हाताची सवय तपासावी. पुढच्या ब्रेकने तोंडावर पडू या भीतीने आपल्याकडे बरेच जण घाटात मागचा ब्रेक सतत धरून ठेवतात, आणि मग डिस्कला थंड व्हायला उसंतच मिळत नाही. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोराने दाबून वेग कमी करावा व नंतर ते पूर्ण सोडावेत. याकोब्सहॉर्न २,५९० मीटरवर आहे आणि फिलिझूर साधारण १,०३० मीटरवर. सुमारे ४० किलोमीटरच्या त्या वाटेत चढही आहेत, पण एकूण उताराच्या मानाने आपला ८०० मीटरचा चोर्ला म्हणजे तोंडओळखच.

फोंड्याची सायकल :
सरळ २०३ मिलिमीटरची डिस्क बसवा. मी बसवल्यापासून मला हा त्रास एकदाही झालेला नाही.

रानवाट :
मागच्या बाजूला किती मोठी डिस्क चालते, हे फ्रेमवर अवलंबून असते. शिवाय ऑइलच उकळत असेल तर मोठ्या डिस्कने तो प्रसंग फक्त पुढे ढकलला जाईल.

मांडवीकाठ :
फिलिझूरहून दावोसला रेटियन रेल्वेने परतता येते आणि गाडीत सायकलही घेतात. जवळच लांडवासरचा ६५ मीटर उंचीचा दगडी पूल आहे. तो १९०२ मध्ये पूर्ण झाला आणि वळण घेत थेट कड्यातल्या बोगद्यात शिरतो. तो चुकवू नये.

जुनाजाणता :
मांडवीकाठ, पूल पाहण्यासाठी आधी खाली सुखरूप पोहोचावे लागेल. मूळ लेखकांसाठी एक सूचना : पांढऱ्या-लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या खुणा या डोंगरी पायवाटांच्या असतात, आणि जिथे वाट सामाईक असेल तिथे चालणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे असते. त्यामुळे थांबण्याची वेळ वारंवार येईल.

डोंगरचाक :
मी ब्रेकविषयी विचारले होते. लीव्हर हँडलला टेकतो, थोडा वेळ थांबलो की पूर्ववत होतो. लीव्हर सोडला तरी चाक मोकळे फिरत नाही, हेही आता लिहितो. मे महिन्यात दुकानात ऑइल बदलून घेतले आहे, त्यामुळे ऑइल जुने असण्याचा प्रश्न येत नाही. लीव्हरवर डॉट ५.१ असे, म्हणजे ब्रेक ऑइलच्या प्रकाराचे नाव, कोरलेले आहे.

केरीकर :
चाक मोकळे फिरत नाही, हे पहिल्याच निवेदनात हवे होते. डॉट ५.१ ऑइलचा उत्कलनबिंदू ताजे असताना किमान २६० अंश सेल्सिअस असतो, हवेतला ओलावा शोषल्यावर तो १८० अंशांपर्यंत उतरू शकतो. आपल्या दमट हवेत उघडी बाटली ठेवणे म्हणूनच वाईट. पण महिनाभरात इतके होत नाही, त्यामुळे माझा संशय वेगळा आहे. ब्रेकमधला एक थेंब सिरिंजने काढून पेलाभर पाण्यात सोडा आणि ढवळा. डॉट पाण्यात मिसळून जाते, मिनरल ऑइल, म्हणजे ब्रेक ऑइलचा दुसरा प्रकार, वर तरंगत राहते. हात व रंग जपा, डॉटने सायकलचा रंग जातो.

फोंड्याची सायकल :
हा सगळा खटाटोप कशाला, डिस्क बदलून पाहावी.

डोंगरचाक :
थेंब तरंगला. कितीही ढवळले तरी गोल तवंग पुन्हा वर येतो.

केरीकर :
म्हणजे डॉटच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल भरले गेले आहे. डॉटच्या ब्रेकमधली रबरी सीले मिनरल ऑइलने फुगतात, पॅड ढकलणारे पिस्टन मागे सरकत नाहीत, पॅड डिस्कला घासत राहतात आणि त्या उष्णतेने लीव्हर मऊ पडतो. आता डॉट भरून उपयोग नाही, कारण फुगलेली सीले पूर्वीसारखी होत नाहीत. लीव्हर, नळी आणि कॅलिपर (पिस्टन व पॅड असलेला भाग) असा पूर्ण संच बदलावा. तो वेळेत मिळाला नाही तर दावोसला सायकल भाड्याने घ्यावी, तिथे चांगल्या मिळतात.

जुनाजाणता :
केरीकर बाब म्हणतात ते पटले, तरी सततच्या ब्रेकबद्दल मी लिहिलेले खोटे ठरत नाही.

रानवाट :
ते नंतर पाहू. डोंगरचाक, पुढच्या ब्रेकचे ऑइलही त्याच दुकानात बदलले होते का?

डोंगरचाक :
हो, दोन्ही एकाच दिवशी.