क्लासमधले १४ पीसी खालनंच बंद करायचेत, अ‍ॅक्सेस डिनाइड येतंय

राजारामपुरीवाला:
आमचा कॉम्प्युटर क्लास हाय, खाली ऑफिस आणि वरच्या दोन मजल्यांवर मिळून १४ पीसी, सगळे विंडोज १० प्रो, वर्कग्रुपमध्ये (म्हंजे मधला सर्व्हर न्हाय, प्रत्येक पीसीची खाती वेगळी). शेवटची बॅच सुटली की पोरं नुसता मॉनिटर बंद करून पळतात, मग मी जिने चढून एकेक सीपीयू बंद करत बसतो, गुडघे बोलायला लागलेत आता. खालनं शटडाऊन कमांड मारली तर अ‍ॅक्सेस डिनाइड, कंसात ५. युजरनेम सगळीकडं सेम, पासवर्ड कुठंच न्हाय, पोरं विसरतात म्हणून. काय चुकतंय?

तांबडा_रस्सा:
शटडाऊन /आय मारा की, खिडकी उघडते, सगळी नावं एकदम टाकता येतात.

राजारामपुरीवाला:
केलं ओ, तीच एरर.

उद्यमनगरचा_नेटवर्कवाला:
घोळ पासवर्डचाच हाय. बिनपासवर्डच्या खात्यानं विंडोज नेटवर्कवरनं आत घेतच न्हाय, फक्त समोर बसूनच लॉगिन होतं. सगळ्या पीसींवर आणि तुमच्या ऑफिसच्या मशिनवर एकाच नावाचं, एकाच पासवर्डचं वेगळं अ‍ॅडमिन खातं काढा, पोरांचं खातं साधं राहू दे. मग वरच्या प्रत्येक पीसीवर रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगांची यादी, रेजएडिटनं उघडते) पॉलिसीजखालच्या सिस्टिममध्ये लोकलअकाउंटटोकनफिल्टरपॉलिसी नावाची डीवर्ड (आकड्याची नोंद) करून १ द्या, न्हायतर पासवर्ड बरोबर असूनबी ५ च येणार. त्यानं सुरक्षा जरा सैल होते, तेव्हा पासवर्ड दणकट ठेवा. मग त्या खात्यानं लॉगिन करून शटडाऊन /एस /एम \\पीसी०७ /टी ६० मारा, पीसी०७ म्हंजे त्या पीसीचं नाव, ६० म्हंजे किती सेकंदांनी, रिस्टार्टला एसच्या जागी आर (टाईप इंग्रजीतच करायचं, सांगायला नको).

तांबडा_रस्सा:
एक लक्षात ठेवा, /टी ० पेक्षा जास्त दिला की /एफ आपोआप लागतो, तो चालू प्रोग्राम जबरदस्तीनं बंद करतो, म्हंजे सेव्ह न केलेलं सगळं गेलं. मी एकदा एका पोरीची अख्खी एक्सेल शीट घालवली, दोन दिवस तोंड चुकवत फिरत होतो. ६० सेकंदाच्या आत /ए मारलं तर थांबतं.

राजारामपुरीवाला:
लै भारी, १२ झाले! दोन पीसी नेटवर्क पाथ नॉट फाउंड म्हणतात, ५३.

उद्यमनगरचा_नेटवर्कवाला:
त्या दोघांचं नेटवर्क पब्लिकवर असणार, प्रायव्हेट करा आणि फायरवॉलमध्ये रिमोट शटडाऊनला परवानगी द्या.

राजारामपुरीवाला:
झालं भावा! आता सकाळी खालनंच चालू करता येतील का?

उद्यमनगरचा_नेटवर्कवाला:
वेक ऑन लॅन, म्हंजे नेटवर्कवरनं सिग्नल पाठवून बंद पीसी चालू करणं, ते बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) चालू करावं लागतं. पण रात्री मेन स्विच पाडता का?

राजारामपुरीवाला:
पाडतो की, शॉर्टसर्किटची भीती.

उद्यमनगरचा_नेटवर्कवाला:
मग न्हाय जमायचं, बंद पीसीतबी नेटवर्क कार्डाला थोडा करंट लागतो. सकाळी जिना चढाच.