सहा दिवस रागावणारी आई आणि रविवारचे बाबा

प्रश्न (सुदामानगरची रहिवासी):
नमस्कार. लग्नाच्या नऊ वर्षांनंतर, गेल्या आषाढापासून आम्ही पती-पत्नी वेगळे राहतो; घटस्फोटाचा अर्ज अद्याप कोणीही केलेला नाही. साडेसात वर्षांच्या मुलासह मी इंदूरमध्येच भाड्याच्या दोन खोल्यांत राहते आणि विजयनगरमधील एका कार्यालयात हिशेबाचे काम करते. सकाळी कचरागाडीचे गाणे ऐकू येते तेव्हा डबा अर्धाच भरलेला असतो आणि मुलाचा एक मोजा हरवलेला असतो. शाळा दीडला सुटते, मी साडेसहाला घरी पोहोचते. मधले पाच तास तो शेजारच्या काकूंकडे असतो. मग झोपेपर्यंतच्या अडीच तासांत गृहपाठ, जेवण आणि उद्याची तयारी उरकताना माझ्या तोंडी "लवकर" याखेरीज शब्द नसतो. रविवारी त्याचे बाबा त्याला छप्पन दुकान या खाऊगल्लीत नेतात, हवे ते खाऊ घालतात आणि रात्री आठला आणून सोडतात. खर्चाचे पैसे ते जमेल तसे देतात. परवा मुलगा म्हणाला, "बाबा कधीच ओरडत नाहीत." त्याचे म्हणणे खरे आहे, म्हणूनच ते अधिक लागले. मी त्याच्यासमोर वडिलांविषयी एक वाईट शब्दही काढत नाही (माझी आई काढते, तो निराळाच विषय आहे). ही विषम वाटणी कशी बदलावी?

उत्तर (दोन मुलींची आई):
ताई, आपण त्यांना रविवार दिलात म्हणजे सुट्टी त्यांच्याकडे गेली आणि काम आपल्याकडे राहिले. एक रविवार आड स्वतःकडे घ्या आणि त्याऐवजी बुधवारची संध्याकाळ त्यांना द्या. काकूंकडून त्यांनीच मुलाला न्यावे, गृहपाठ करून घ्यावा, जेवू घालावे आणि दप्तर भरून परत आणावे. माझ्या थोरलीच्या वडिलांनी पहिल्याच बुधवारी पाढे न लिहून घेता तिला परत पाठवले होते. मी मुद्दामच वही पूर्ण करून दिली नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी लाल शाईत शेरा लिहिला आणि त्यावर सही मी त्यांच्याकडूनच घेतली. तसे पुन्हा झाले नाही. आपल्या वाट्याच्या रविवारी मात्र घर आवरत बसू नका.

उत्तर (वकिली करणारा वाचक):
आपल्या मजकुरातील "जमेल तसे" हे शब्द मला खटकले. मुलाचा निर्वाहभत्ता मागण्यासाठी घटस्फोट आवश्यक नाही. 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 च्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144 लागू झाले असून, आपण राहता त्याच जिल्ह्यात अर्ज करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालात भत्ता अर्जाच्या तारखेपासून द्यावा असे ठरवले आहे, म्हणजे अर्ज जितका लांबेल तितके आधीचे महिने हातचे जातात. सामोपचाराने भागत असेल तर उत्तमच, पण मग रक्कम, तारीख आणि भेटीचे दिवस दोघांच्या सहीनिशी लिहून ठेवा. 1956 च्या पालकत्वविषयक कायद्यात ताबा सामान्यतः आईकडे असावा असे म्हटले आहे ते पाच वर्षांपर्यंतच्या मुलांबाबत. आपला मुलगा त्याहून मोठा असल्याने वाद झालाच तर त्याचे हित पाहून निर्णय होईल. जाता जाता, समग्र आयडी, म्हणजे मध्य प्रदेश सरकारचा कुटुंबनोंदणीचा क्रमांक, तोही तपासून घ्या. आपली आणि मुलाची नावे अजून पतीच्याच आठ अंकी कुटुंब क्रमांकाखाली असतील, तर शाळेत किंवा एखाद्या योजनेत ऐनवेळी अडचण येते.

उत्तर (अशाच घरातला मुलगा, आता वय 31):
वाटणी जरूर करा, पण तिचा हिशेब मुलाला दिसू देऊ नका, एवढीच विनंती. मी नऊ वर्षांचा असताना रंगपंचमीच्या गेरला (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीला) कोणाबरोबर जाणार, असे आई आणि बाबा दोघांनीही मला वेगवेगळे विचारले. पोट दुखते असे सांगून मी दिवसभर अंथरुणात पडून राहिलो आणि राजवाड्याकडचे ढोल खिडकीतून ऐकले. वरच्या ताईंनी वहीवर सही घेतली ते योग्यच केले. पण लाल शेरा त्या मुलीच्या वहीत पडला होता, हेही लक्षात घ्यावे. माझ्या आईचे ओरडणे मला फारसे आठवत नाही. दिवे गेले की ती अंधारात गोष्ट सांगायची, ते आठवते.

प्रश्नकर्ती:
सर्वांचे आभार. समग्रमध्ये आमची नावे खरोखरच अजून त्यांच्याच कुटुंबात आहेत. शनिवारी नगर निगमच्या झोन कार्यालयात जाऊन येईन. बुधवारविषयी त्यांना काल संदेश पाठवला, मुलाला काही न सांगता. बराच वेळ उत्तर नव्हते. रात्री अकराला त्यांनी विचारले, "सध्या कितीचा पाढा चालू आहे?" बाराचा, असे कळवले आहे.