मदत हवी आहे: लँकशरच्या गिरणीगावांत खेळलेल्या आपल्या क्रिकेटपटूंच्या आठवणी

नमस्कार मंडळी,

मी सध्या इंग्लंडच्या उत्तरेला, रोझेंडेलच्या खोऱ्यात राहतो. रॉटनस्टॉल, हॅसलिंग्डन ही इथली छोटी गावं एकेकाळी कापडगिरण्या आणि सपातांच्या कारखान्यांवर जगत. १८९२ पासून चालणाऱ्या लँकशर लीग या इथल्या क्रिकेट स्पर्धेत प्रत्येक क्लब एक व्यावसायिक खेळाडू ठेवी. त्यानं अर्धशतक केलं की मैदानात प्रेक्षकांमधून पैसे गोळा करत. आपले सांगलीचे विजय हजारे रॉटनस्टॉलकडून खेळले, सुभाष गुप्ते रिश्टनकडून. १९५२ मध्ये विनू मंकड हॅसलिंग्डनशी करारबद्ध होते. क्लबनं मोकळं केल्यावर ते लॉर्ड्सच्या कसोटीत भारताकडून उतरले आणि ७२ व १८४ धावा काढल्या. त्या धावा सगळ्यांना पाठ आहेत, पण शनिवारी दुपारी गिरणी कामगारांसमोर ही माणसं कशी खेळली, कुणाच्या घरी राहिली, थंडीपावसात काय जेवली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

माझ्या शेजारच्या आजी आता नव्वदीच्या आहेत. लहानपणी वडिलांसोबत त्या मैदानावर जात. त्यांचं बोलणं मी रेकॉर्ड करतोय. आता दुसरी बाजू हवी आहे.

तुमच्या घरात त्या काळातली पत्रं, फोटो, मराठी वर्तमानपत्रांची कात्रणं आहेत का? मुंबईत १९४९ ते १९५७ चे जुने अंक कुठे बघायला मिळतील? आणि वयस्कर माणसांच्या मुलाखती घेण्याचा अनुभव असलेलं कुणी असेल, तर प्रश्न कसे विचारावेत तेही सांगा. आजी लवकर थकतात, त्यामुळे जरा घाई आहे.