शिडाच्या होडीचं सुकाणू जड होतंय, नवीन पातं कसं करावं?

शीड_नागपूर: १२ फुटी प्लायची होडी आहे, रामटेकजवळ खिंडसीवर चालते. सुकाणूचं पातं १८ मिमी प्लायचं, सपाट, चौकोनी कडांचं, आपटलं तर मागे उचललं जाणारं. वारा वाढला की दांडा हात ओढून राहिला, आणि जास्त वळवला की एकदम ढिला. होडी ऐकतच नाही. पातं मोठं करू का?

वल्हेवाला: मोठं नका करू भाऊ, ओढ अजून वाढेल. आधी पातं पूर्ण खाली राहतं का ते पाहा. वेगात पाणी त्याला मागे ढकलतं, खाली ओढणारी दोरी ताणते. पातं २०-३० अंश मागे गेलं की पाण्याचा जोर बिजागरीच्या रेषेपासून (जिच्यावर सुकाणू डावी-उजवीकडे वळतं) लांब पडतो, म्हणून दांडा जड. दोन्ही गालांतून (पातं ज्या दोन फळ्यांमध्ये बसतं त्या) आणि पात्यातून ६ मिमीचं भोक पाडून बांबूची खुंटी घाला. दगड लागला तर खुंटी मोडेल, पातं वाचेल. जास्तीच्या चार खुंट्या होडीतच ठेवा.

रंधा: ढिलं पडतं ते आकारामुळे. चौकोनी कडेवरून पाणी लवकर सुटतं, वरून हवाही ओढली जाते. नाका (NACA) ००१२ छेद घ्या, म्हणजे विमानाच्या पंखासारखा, दोन्ही बाजूंना सारखा फुगीर ठरावीक आकार. रुंदी २०० मिमी, तर जाडी २४, तीही पुढच्या कडेपासून ६० मिमीवर. १०० वर २१, १५० वर साडेबारा. मागची कड २ मिमी ठेवून चौकोनी कापा, धारदार नको.

१२ मिमीच्या दोन प्लाय इपॉक्सीने चिकटवा. शिक्का आयएस ७१० चा (मरीन प्लाय) बघून घ्या, एमआर (नुसता दमटपणा सोसणारी) चालणार नाही. घासताना प्लायच्या थरांच्या रेषा उघड्या पडतात, नकाशातल्या समोच्च रेषांसारख्या. त्या सरळ आणि दोन्ही बाजूंना सारख्या आल्या म्हणजे आकार बरोबर. रेषा नागमोडी दिसली तर तिथे खड्डा आहे.

बोल्टचं भोक १० मिमीचं हवं असेल तर आधी १४ चं पाडा, घट्ट इपॉक्सीने भरा, मग त्यात १० चं पाडा. नाहीतर पाणी तिथूनच प्लायमध्ये शिरतं. वरून चौरस मीटरला २०० ग्रॅमचं काचकापड (फायबरग्लास) चढवा.

कयाक_अंबाझरी: जलपर्णी असेल तर पुढची कड मागे झुकलेली बरी, मुळं घसरून जातात. कयाकला ५ मिमी ॲल्युमिनियमचं छोटं पातं असतं, पायाने वळवायचं, तिथे जडपणा जाणवत नाही. तुमच्या होडीला मात्र हा झुकाव महागात पडेल.

शीड_नागपूर: बिजागरीच्या रेषेपुढे पातं किती काढू?

रंधा: रुंदीच्या १५ ते १८ टक्के, म्हणजे ३० ते ३६ मिमी. पंचवीस टक्क्यांच्या आसपास गेलात तर दांडा सोडल्यावर पातं आपणहून आडवं व्हायला बघतं. सुरुवात ३० ने करा आणि कमी वाऱ्यात दांडा सोडून पाहा, पातं मधोमध थांबायला हवं. एवढं करूनही वाऱ्याकडे ओढ राहिली, तर सुकाणूला हात लावू नका; होडी आडवी कलते का आणि डोलकाठी मागे झुकली आहे का, ते तपासा.