विषय: झातोइची या जपानी चित्रपटमालिकेतला बाविसावा चित्रपट

आदरणीय सुधाताई,
सप्रेम नमस्कार.

चित्रपट-संध्येसाठी आपण १९७१ चा, किमियोशी यासुदा यांनी दिग्दर्शित केलेला बाविसावा झातोइचीपट सुचवला आहे. शिंतारो कात्सू यांचा अंध मालिशवाला इची आणि त्याची काठीतली गुप्ती मलाही प्रिय आहे. परंतु मालिकेची ओळख करून द्यायची, तर केंजी मिसुमी यांचा १९६२ चा पहिला कृष्णधवल चित्रपटच दाखवावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. १९७१ पर्यंत जुगाराचे अड्डे, गावगुंड आणि नाडलेले गावकरी ही वाट पुरती मळली होती. हाँगकाँगच्या पडद्यावर एका हाताचा तलवारबाज म्हणून गाजलेल्या जिमी वाँग यू यांना या मालिकेत आणण्यामागे दोन्हीकडचा प्रेक्षक मिळवण्याचा हिशेब उघड दिसतो.

आपला,
माधव

माधवराव,
नमस्कार.

हिशेब होता, हे मान्य. झुंजींतही दोघांची लय जुळत नाही: कात्सू उलट्या मुठीने गुप्ती उपसतात, क्षणात चार जणांना लोळवतात आणि पुन्हा निश्चल होतात, तर वाँग यू उड्या घेत मोकळ्या जागेत लढतात. मधला भाग रेंगाळतो, हेही मी नाकारत नाही.

तरीही कथेची मांडणी पाहा. सामुराईंच्या लवाजम्याला एक चिनी मूल आडवे येते; त्याला वाचवताना आईबाप मारले जातात, वाँग यू यांनी साकारलेला वाँग कांग शस्त्र उचलतो आणि सामुराई साक्षीदार वाटसरूंनाही कापून सारा दोष त्या परक्या माणसावर ढकलतात. पुढे इची वाँग कांग आणि त्या मुलाच्या पाठीशी उभा राहतो, पण त्याला चिनी येत नाही आणि वाँग कांगला जपानी. इचीनेच आपला घात केला, अशी वाँग कांगची समजूत होते, आणि ती दूर करायला इचीजवळ शब्दच नसतात.

आता पहिल्या चित्रपटातला क्षयाने पोखरलेला सामुराई हिराते आठवा. तळ्याकाठी गळ टाकून बसलेल्या इची आणि हिराते या दोघांना एकमेकांचे मन नीट उमगलेले असते, तरीही ते पुलावर समोरासमोर येतात, कारण मरण यायचे तर ते इचीच्या हातून यावे, अशी हिरातेची इच्छा असते. नऊ वर्षांनी तोच पेच उलटा मांडला आहे: तिथे सारे कळूनही तलवार उपसली जाते, इथे काहीच न कळल्यामुळे. उपशीर्षकांमुळे आपल्याला दोघांचेही बोलणे समजत असते, म्हणून ती शेवटची झुंज पाहताना जीव तुटतो. एवढ्यासाठी मी या दुय्यम चित्रपटाची बाजू घेते.

माझी विनंती अशी, की दोन्ही चित्रपट लागोपाठच्या शनिवारी, आपण म्हणता तसा १९६२ चा आधी ठेवून दाखवावेत. मात्र बाविसाव्याची प्रत मागवताना जपानी आणि चिनी दोन्ही संवाद मूळ आवाजात आहेत, याची खात्री कृपया आधी करून घ्यावी. सगळ्यांना एकाच भाषेत बोलायला लावणारी डब प्रत आली, तर ती परत पाठवावी.

आपली,
सुधा