फ्लुइडचं प्रॅक्टिकल नुसतं जर्नलपुरतं उरलंय, काय करावं?

खाडीकाठचा_मास्तर:
नमस्कार मंडळी, रत्नागिरीजवळ एका कॉलेजात सेकंड इयरला फ्लुइड मेकॅनिक्स शिकवतो. लॅबमध्ये बर्नुलीचा सेट (पाण्याचा दाब आणि वेग यांचा संबंध दाखवणारा) आहे पण पंप गळतो, खाऱ्या हवेने व्हॉल्व्ह गंजून बसलेत, मग मुलं मागच्या बॅचच्या जर्नलातून रीडिंग उतरवतात आणि गंमत म्हणजे त्यांचं उत्तर माझ्यापेक्षा बरोबर येतं! रेनॉल्ड्स नंबरचं (प्रवाह शांत की खळबळता हे सांगणाऱ्या आकड्याचं) सूत्र घडाघडा म्हणतील, पण नळ बारीक असताना धार काचेसारखी आणि मोठा सोडला की खडबडीत का, विचारलं की सगळे गप्प. नवीन सामानाला पैसे नाहीत. स्वस्तात काही सुचवा.

शाईची_रेघ:
सर, रेनॉल्ड्सने 1883 ला मँचेस्टरमध्ये केलं तेच करा, टाकी, काचेची नळी आणि रंग. सलाईनचा सेट आणून पोटॅशियम परमँगनेटचं एकदम पातळ पाणी मधोमध सोडा, घट्ट झालं तर रंग खाली बसतो. 12 मिमीच्या नळीत मिनिटाला साधारण लिटरभर पाण्यापर्यंत रेघ सरळ राहते, पुढे थरथरते नि मग विस्कटते. टाकी भरल्यावर पाणी अर्धा तास तरी स्थिर होऊ द्या, आमची पहिल्या दिवशी त्यातच फजिती झाली होती.

पोफळी_आणि_पाट:
लॅब कशाला, मुलांना नारळी-पोफळीच्या आगरात न्या की! शिपणं चालू असताना पाटात पत्र्याला 90 अंशाची व्ही खाच कापून आडवा लावा, पाणी मागे तुंबलं की खाचेच्या खालच्या टोकापासून पाण्याची उंची मोजा, पण खाचेपासून जरा मागे, कारण तोंडाशी पाणी खाली वाकतं. क्यू, म्हणजे सेकंदाला वाहणारं पाणी, साधारण 1.4 गुणिले उंचीचा अडीचावा घात, सगळं मीटरमध्ये. मग बादली नि स्टॉपवॉच घेऊन ताळा करा. कडेने चिखल लिंपा नाहीतर अर्धं पाणी पत्र्याखालूनच जाईल.

जुना_परीक्षक:
हे सगळं ठीक आहे हो, पण व्हायवाला (तोंडी परीक्षेला) बाहेरचा माणूस जर्नलच बघतो. माझं ऐकाल तर प्रयोगाआधी मुलांकडून अंदाज लिहून घ्या, तोही पेनाने. उभ्या सरळ ड्रमला तळाशी भोक पाडा आणि विचारा, भरलेला ड्रम पाव उंचीवर यायला जास्त वेळ लागेल की उरलेला पाव रिकामा व्हायला? जवळजवळ सगळे चुकतात. दोन्हीला सारखाच वेळ लागतो, वेग उंचीच्या वर्गमुळावर जातो ना.

खाडीकाठचा_मास्तर:
ड्रमचं आजच केलं! मीच शिपायासमोर चुकीचं उत्तर देऊन बसलो 😄 आता अंदाजाचा कॉलम जर्नलात छापूनच घेतो. पाटाचं मात्र दिवाळीनंतर, सध्या आगरात गुडघाभर चिखल आहे.